बाबांना ग्लिओब्लास्टोमा (मेंदूचा कॅन्सर), डॉक्टर क्लिनिकल ट्रायलसाठी विचारतायत, हो म्हणावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

बाबा ६१ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, आम्ही सांगली जिल्ह्यातले. दिवाळीनंतर डाव्या हाताने शर्टाची बटणं लागेनात, ताट धरलं की कलायचं, आम्हाला वाटलं लकव्याचा हलका झटका असेल आणि गावातल्या डॉक्टरनेही तेच सांगून गोळ्या दिल्या. मग एक दिवस फिट आली, एमआरआय केला तर मेंदूत उजव्या बाजूला गाठ. ऑपरेशन झालं, सर्जन म्हणाले बरीचशी निघालीय, सगळी काढायला गेलो असतो तर हातपाय गेला असता. बायोप्सीत ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४ म्हणजे सगळ्यात वरची, आणि जीनच्या तपासण्यांत आयडीएच वाइल्डटाइप, एमजीएमटी अनमिथायलेटेड असं आलंय.

आता रेडिएशनसाठी मुंबईला पाठवलंय. तिथल्या डॉक्टरांनी नेहमीची ट्रीटमेंट समजावली आणि मग म्हणाले की एक ट्रायल चालू आहे, इच्छा असेल तर बघा, जबरदस्ती नाही. नेहमीच्या ट्रीटमेंटसोबत एक नवीन गोळी, पण निम्म्या लोकांना खरी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी, कोणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवणार, आम्हालाही कळणार नाही आणि त्यांनाही. मराठीतला भलामोठा फॉर्म दिलाय वाचायला.

घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात जिवंत माणसाचा उंदीर करून घेताय. दादा पुण्याला आयटीत आहे, तो म्हणतो नवीन औषध आहे, फुकट मिळतंय, सही करून मोकळे व्हा. आई काहीच बोलत नाही. काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलंय की अमेरिकेत पाच दिवसांत ब्रेन ट्यूमर गायब केला आणि तेच औषध आता टाटाला मिळतं, ते खरं आहे का?

आणि मुख्य म्हणजे बाबांना आम्ही पूर्ण सांगितलेलं नाहीये. गाठ होती, काढली, आता शेक घ्यायचा, एवढंच त्यांना माहितीय. ट्रायलच्या फॉर्मवर मी किंवा दादाने सही केली तर चालते ना? प्लीज अनुभवी लोकांनी सांगा, पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचंय.

घोडबंदर_रोड

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अजिबात जाऊ नका. आपल्याकडे ट्रायलच्या नावाखाली काय काय चाललं होतं ते विसरलात का सगळे, इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाला २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात जावं लागलं होतं, कारण गरीब पेशंटना कळतच नव्हतं की आपण कशावर सही करतोय. औषध कंपन्यांना स्वस्तात माणसं पाहिजे असतात. जी ट्रीटमेंट ठरलेली आहे ती घ्या आणि बाबांना घरी आणा. मामा बरोबर बोलतायत.

फाइल_नंबर_नऊ

@कृष्णाकाठ ताई, मी कॅन्सरच्या ट्रायल्समध्ये कोऑर्डिनेटर म्हणून बरीच वर्षं काम केलंय (आता सोडलं), म्हणजे तो भलामोठा फॉर्म पेशंटसमोर बसून पानापानाने समजावणं हेच माझं काम होतं. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकीचं सगळं त्यावर अडलंय. नाही, तुमची सही चालत नाही. पेशंट शुद्धीत आहे, त्याला कळतंय, बोलता येतंय, तर संमती त्याचीच लागते. घरच्यांची सही फक्त पेशंट स्वतः संमती देण्याच्या अवस्थेतच नसेल तेव्हा. वाचता येत नसेल तर एक तटस्थ साक्षीदार बसवतात, तरी निर्णय पेशंटचाच. आणि त्या फॉर्मवर पहिल्याच पानावर आजाराचं नाव छापलेलं असतं. म्हणजे ट्रायल हवी असेल तर बाबांना सांगावंच लागेल, यात मधला रस्ता नाही. ‘यांना काही सांगू नका हं, आम्ही सही करतो’ हे मी इतक्या नातेवाइकांकडून ऐकलंय, आणि चांगल्या ठिकाणी त्याला सरळ नाही म्हणतात.

@घोडबंदर_रोड तुम्ही म्हणता ते झालेलं आहे, कोणी नाकारत नाही. पण त्याच केसनंतर कोर्टाने सरकारला धारेवर धरलं आणि पुढे २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स आले. आता ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट करून द्यावे लागतात, भरपाईचा फॉर्म्युला ठरलेला आहे, एथिक्स कमिटीच्या (ट्रायलवर लक्ष ठेवणारी समिती) माणसाचा नंबर फॉर्मवर द्यावा लागतो. सगळं कागदावरच राहतं असं म्हणाल, तर कागद वाचणारा पेशंट असला की बराच फरक पडतो हा माझा अनुभव. शिवाय सगळ्या ट्रायल कंपनीच्या नसतात. टाटाला २००१ ते २०१२ या काळात २०० मुलं आणि तरुण पेशंट घेऊन एक ट्रायल झाली, मेंदूतल्या कमी ग्रेडच्या गाठींवर, त्यात नवीन औषध काहीच नव्हतं, नेहमीचं रेडिएशन आणि नेमकं गाठीपुरतं मारलेलं रेडिएशन यांची तुलना होती. ज्यांना नेमकं मिळालं त्या पोरांची बुद्धी पुढच्या पाच वर्षांत जास्त चांगली टिकली. २०१७ ला जामा ऑन्कॉलॉजीत आलीय. ही कोणाच्या नफ्यासाठी केली होती सांगा.

आता औषधाचं. आज जी ठरलेली ट्रीटमेंट म्हणतो ना आपण, सहा आठवडे सोमवार ते शुक्रवार रेडिएशन म्हणजे ३० वेळा मिळून ६० ग्रे (रेडिएशनचं माप), त्यासोबत रोज टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी आणि नंतर दर २८ दिवसांतून पाच दिवस तीच गोळी जास्त डोसने, हीसुद्धा ट्रायलमधूनच आली. युरोप आणि कॅनडात ५७३ लोकांवर, २००५ ला छापून आली. नुसत्या रेडिएशनवाल्यांचं मीडियन जगणं (म्हणजे मधला आकडा) १२.१ महिने, गोळीवाल्यांचं १४.६. अडीच महिने वाढले म्हणून तोंड वाकडं करू नका, दोन वर्षांनंतर हयात असलेले शंभरात १० होते ते २६ झाले. तेव्हा त्या ५७३ जणांच्या घरीही कोणी ना कोणी मामा असणारच.

पण दादालाही सांगा की नवीन म्हणजे चांगलं असं मुळीच नाही. या आजारात त्यानंतर आलेली बहुतेक औषधं पडलीत. बेव्हासिझुमॅबच्या दोन मोठ्या ट्रायल २०१४ ला आल्या, गाठ वाढायला वेळ लागला पण माणूस जास्त जगला नाही. निव्होलुमॅब फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये एवढं चाललं, इथे आपटलं. रिंडोपेपिमट नावाची लस सुरुवातीच्या छोट्या ट्रायलमध्ये झकास वाटत होती, मोठ्या ट्रायलमध्ये काहीच नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये जो अडसर असतो त्यातून बरीचशी औषधं पलीकडे जातच नाहीत, आणि एकाच गाठीतल्या पेशी एकसारख्या नसतात, एका जातीच्या मेल्या तरी दुसऱ्या वाढतात. म्हणूनच तर खोटी गोळी लागते, नाहीतर एमआरआय बघताना आपल्याला पाहिजे तेच दिसतं.

माझं मत विचाराल तर तुमच्या ट्रायलमध्ये दोन्ही गटांना नेहमीची ट्रीटमेंट पूर्ण मिळतेय, हे बघण्यासारखं आहे. खोटी गोळी ही ट्रीटमेंटच्या ऐवजी नाही, वरून आहे. म्हणजे बाबांचं हातचं काही जात नाही, जाईल तो वेळ, जास्तीच्या खेपा आणि नव्या गोळीचे जे काही साइड इफेक्ट असतील ते. ते छोटे नसतात हेही खरं. डॉक्टरांना विचारा की ही फेज कुठली (म्हणजे ट्रायलचा कितवा टप्पा), आत्तापर्यंत किती लोकांना गोळी दिलीय, त्यांना काय त्रास झाला, जास्तीचे एमआरआय आणि रक्त तपासण्या कोणाच्या खर्चाने, आणि ट्रायल संपल्यावर गोळी चालू राहणार का. फॉर्मवर सीटीआरआय नंबर बघा, त्या नंबरने सरकारी रजिस्ट्रीच्या साइटवर ट्रायल सापडली पाहिजे. नाही सापडली तर उठून या.

आणि मध्येच सोडता येतं, कारण सांगावं लागत नाही, नेहमीच्या उपचारावर परिणाम होत नाही.

नाना_न्यूजर्सी

व्हॉट्सॲपवालं खरंही आहे आणि अर्धवटही आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधली गोष्ट आहे, मार्च २०२४ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली. पेशंटच्याच टी-सेल्स (रोगाशी लढणाऱ्या पेशी) काढून, त्या बदलून, परत थेट मेंदूतल्या पाण्यात सोडल्या, याला कार-टी म्हणतात. एका बाईचा पाच दिवसांनी काढलेला एमआरआय जवळजवळ साफ होता, मी ती चित्रं बघितलीत, खरंच डोळ्यांवर विश्वास बसत नाही. पण एकूण पेशंट होते तीन. हो, फक्त तीन. आणि तिघांपैकी दोघांची गाठ परत आली. फॉरवर्ड करणाऱ्याने ती ओळ खाल्ली.

टाटाचं म्हणाल तर आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून केलेली नेक्सकार१९ नावाची ट्रीटमेंट आहे, ऑक्टोबर २०२३ ला मान्यता मिळाली, भारतासाठी फार मोठी गोष्ट, पण ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे. ब्रेन ट्यूमरला नाही. दोन्ही कार-टी म्हणून काकांनी (किंवा काकांच्या ग्रुपने) जोडून टाकलं.

अजून एक, इकडे डोक्याला चिकटवायचे पॅच मिळतात, ऑप्ट्यून नाव, त्यातून सौम्य इलेक्ट्रिक फील्ड देतात म्हणजे पेशीचं विभाजन अडतं. ६९५ लोकांच्या ट्रायलमध्ये मीडियन १६ चे २०.९ महिने झाले. पण सतत टक्कल ठेवायचं, दिवसाचे १८ तास बॅटरी खांद्याला अडकवून फिरायचं, आणि किंमत अशी की इकडेसुद्धा इन्शुरन्सशिवाय कोणी नाव काढत नाही. कोणी तुम्हाला जमीन विकून ते घ्यायला सांगितलं तर दहादा विचार करा.

घोडबंदर_रोड

@फाइल_नंबर_नऊ दोन्ही गटांना पूर्ण ट्रीटमेंट मिळते हा मुद्दा मान्य, तो मी नीट वाचला नव्हता. बाकी माझा भरवसा नाही तो नाही. फॉर्मची झेरॉक्स घरी ठेवा एवढंच म्हणेन.

वर्धेची_वैशाली

ताई तुमचं वाचून रात्री झोप नाही आली. माझे मिस्टर याच आजाराने गेले, त्यांचंही असंच ट्रायलमध्ये नाव होतं, गोळी खरी होती का खोटी ते मला अजून माहीत नाही आणि आता त्याने काही अडतही नाही. मी ट्रायलबद्दल जास्त बोलणार नाही, घरात काय होतं ते सांगते, कारण ते फॉर्ममध्ये नसतं.

रेडिएशनच्या आधी तोंडावर मास्क बनवतात, प्लास्टिकची जाळी गरम पाण्यातून काढून चेहऱ्यावर दाबतात आणि ती थंड होऊन कडक होते, मग रोज तीच घालून टेबलाला क्लिपने अडकवतात म्हणजे डोकं हलत नाही. बाहेर आले की कपाळावर जाळीची चौकोन चौकोन नक्षी उमटलेली असायची, यांना मी म्हणायचे वॉफल झालाय तुमचा. मास्क बनवताना केस आणि सूज जेवढी असेल त्यावर तो बसतो, त्यामुळे मध्येच स्टेरॉइडने चेहरा सुजला तर मास्क घट्ट होतो, तेव्हा सहन करत बसायचं नाही, टेक्निशियनला लगेच सांगायचं.

ते स्टेरॉइड, डेक्सा, त्याच्याकडे लक्ष ठेवा. मेंदूची सूज उतरते, हात चालायला लागतो, घरच्यांना वाटतं चमत्कार झाला. पण शुगर चढते, झोप उडते, रात्री दोन वाजता उठून डब्यातल्या चकल्या खायचे आमचे हे, आणि चिडचिड तर विचारू नका. स्वतःच्या मनाने बंद मात्र करायचं नाही, हळूहळू कमी करतात. टेमोझोलोमाइडची कॅप्सूल उपाशीपोटी, त्याआधी उलटीची गोळी, आणि कॅप्सूल फोडून दुधात घालायची नाही, आमच्या सासूबाई तेच करायला निघाल्या होत्या. दर आठवड्याला रक्त तपासायचं, प्लेटलेट पडतात.

आणि रेडिएशन संपल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतला एमआरआय वाईट आला तर लगेच हातपाय गाळू नका. गाठ वाढल्यासारखी दिसते पण कधीकधी ती रेडिएशनची सूज असते. आमच्या वेळी रिपोर्ट हातात आला तेव्हा त्या सेंटरच्या बाहेरच्या बाकावर मी आणि दीर बसून राहिलो होतो, आणि डॉक्टरांनी नुसतं बघून सांगितलं की महिन्याने परत काढू. महिन्याने कमी झालेलं दिसलं.

सांगायचं की नाही, याबद्दल. आम्हीही नव्हतं सांगितलं. त्यांना माहीत होतं. वॉर्डातल्या शेजारच्या पेशंटकडून कळतं, मोबाईल असतो, फाइलवर कॅन्सरचा शिक्का असतो. फक्त आम्ही सांगत नाही म्हणून तेही बोलत नव्हते, आणि बँकेचे, एलआयसीचे कागद, पोराच्या मुंजीचं, सगळं तसंच लटकलेलं. एकदा सांगितल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मला नेट बँकिंगचा पासवर्ड दिला. तुमचे बाबा आयुष्यभर रोज शंभर माणसांशी बोललेत, त्यांना झेपेल.

मुंबईत राहायची सोय बघून ठेवा, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, हॉस्पिटलच्या सोशल वर्करचं पत्र लागतं. खारघरला रेडिएशन असेल तर परळहून रोज जाणं हे पेशंटचे हाल आहेत, मग तिकडेच खोली बघा. फुले जन आरोग्य योजनेचं काउंटर कुठे आहे तेही पहिल्याच दिवशी विचारा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार, नाना तुमचा प्रतिसाद काकांना फॉरवर्ड केला, त्यांनी नुसता अंगठा पाठवलाय.

@वैशालीताई तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. काल रात्री जेवणं झाल्यावर दादा आणि मी बाबांना सांगितलं. म्हणजे दादाने सुरुवात केली आणि त्याला पुढे बोलता येईना मग मी बोलले. बाबा म्हणाले मला फाइल आणून द्या. चष्मा लावून दोन तास वाचत बसले, न कळलेल्या शब्दांखाली पेनाने रेघा मारल्यात, मग विचारलं की अनमिथायलेटेड म्हणजे काय, मला सांगता येईना. @फाइल_नंबर_नऊ तुम्ही सांगाल का? नेटवर वाचलं की त्यात टेमोझोलोमाइड चालतच नाही, मग गोळी घ्यायची कशाला?

आणि त्यांचा दुसरा प्रश्न, खेपांचं भाडं कोण देणार.

फाइल_नंबर_नऊ

बरं झालं सांगितलंत. वाईट वाटतंय पण बरं झालं.

एमजीएमटी हे दुरुस्ती करणारं प्रोटीन आहे. टेमोझोलोमाइड गाठीच्या पेशीचा डीएनए बिघडवते आणि हे प्रोटीन तो बिघाड दुरुस्त करतं. मिथायलेटेड असेल तर त्या प्रोटीनचं जीन बंद पडलेलं असतं, म्हणून गोळी जास्त लागू पडते. बाबांच्यात ते चालू आहे. त्याच २००५ च्या ट्रायलमधल्या नमुन्यांवर बघितलं तर मिथायलेटेड लोकांचं मीडियन गोळीसकट २१.७ महिने आणि गोळीशिवाय १५.३, अनमिथायलेटेड लोकांचं १२.७ आणि ११.८. म्हणजे फायदा कमी, अगदीच शून्य म्हणता येत नाही, आणि हे मधले आकडे आहेत, निम्मे लोक यापेक्षा जास्त जगतात. बहुतेक डॉक्टर गोळी देतातच कारण तिच्या जागी ठेवायला त्यापेक्षा बरं असं हातात काही नाही. बाबांसारख्या पेशंटसाठी ट्रायलचा विचार करण्याला जास्त अर्थ आहे तो याचमुळे. पण ही बाजू त्यांच्या डॉक्टरांकडून ऐका, वय, ऑपरेशननंतर किती गाठ राहिली, चालणं-फिरणं कसं आहे, हे सगळं ते धरतील.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, हो म्हटलं म्हणजे घेतलंच असं नाही. स्क्रीनिंग असतं, प्लेटलेट, लिव्हर, किडनी बघतात, काही ट्रायलमध्ये डेक्साचा डोस ठरावीक आकड्याच्या वर असेल तर बाहेर ठेवतात. नाव कटलं तर त्याचा अर्थ बाबांची तब्येत ढासळली असा घेऊ नका, नेहमीची ट्रीटमेंट त्याच तारखेला चालू होते. उलट स्क्रीनिंगच्या नादात रेडिएशनची तारीख पुढे जात नाहीये ना, हे मात्र तुम्ही स्वतः विचारा, ऑपरेशननंतर फार लांबवायचं नसतं.

बाकी गावठी औषध, काढा, कोणी दिलेली पुडी, काहीही चालू असेल तर ते कोऑर्डिनेटरला सांगा, लपवू नका, लिव्हरचे रिपोर्ट बिघडले की मग ते नव्या गोळीने झालं का काढ्याने हे कोणालाच कळत नाही.

भाड्याचं, ट्रायलसाठी म्हणून ज्या जास्तीच्या खेपा होतात त्यांचा प्रवासखर्च बऱ्याच ट्रायलमध्ये देतात, तुमच्या फॉर्ममध्ये ‘खर्चाची परतफेड’ किंवा तशा मथळ्याखाली लिहिलेलं असेल. तिथे किती, कोणाला (सोबतच्या माणसाला पण का) आणि किती दिवसांत हे स्पष्ट नसेल तर सही करायच्या आधी विचारून घ्या. तिकिटं आणि पासबुकाची झेरॉक्स लागते. रेडिएशनसाठी रोज जायचंय ते नेहमीच्या ट्रीटमेंटमध्ये धरतात, त्याचे मिळतीलच असं नाही, रेल्वेची कॅन्सर पेशंटची सवलत आहे त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या, सोबतच्या एका माणसालाही मिळते.

कृष्णाकाठ

खर्चाचं पान सापडलं, सोबतच्या माणसाचं काही लिहिलेलं नाही. बाबांनी तिथे रेघ मारलीय आणि समासात ‘विचारणे’ लिहिलंय. सोमवारी जातोय, आई पण येणार म्हणते. काय ठरतं ते लिहीन.